स्वालबार्ड, शिडाची बोट आणि बाबा: सल्ला हवा आहे

गोदीकर | १३ जानेवारी २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय.

जुलैच्या शेवटी बाबांना घेऊन स्वालबार्डला जायचं घाटतंय. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही बरीच वर, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांत पसरलेली बेटं. बाबा ६६ वर्षांचे. उभी हयात मुंबईच्या गोदीत क्रेनवर गेली. जहाजं रोज पाहिली, पण स्वतःचा समुद्रप्रवास म्हणाल तर भाऊच्या धक्क्यावरून रेवस. त्यांना एकदा वॉलरस (तो सुळेवाला समुद्री प्राणी) बघायचाय. का, ते सांगत नाहीत.

दोन पर्याय समोर आहेत. एक, दीडशे प्रवाशांचं जहाज, आत लिफ्ट, लायब्ररी, डॉक्टर. दुसरा, सोळा मीटरची पोलादी शिडाची बोट. आठ प्रवासी, तीन कर्मचारी, अकरा दिवस, दोन संडास आणि आंघोळीबद्दल माहितीपत्रकात सूचक मौन. बाबांनी दोन्ही फोटो पाहिले आणि बोटीवर बोट ठेवलं.

बोट लागणं, थंडी, खाणं, सुरक्षितता, जे सुचेल ते लिहा. खर्चाचा आकडा मात्र इथे लिहीत नाही, बायकोही हे संस्थळ वाचते.

भोचक_भवानी | १३ जानेवारी, १०:५२

वाचते. आणि आत्ता कळलं.
(मी नव्हे हो. पण कोणीतरी तिला लिंक पाठवलीच असणार.)

थंडोबा | १३ जानेवारी, ११:१५

आधी कागदपत्रं. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही असं सगळे आनंदानं सांगतात. अर्धसत्य आहे. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामाईक व्हिसाच्या, बाहेर आहे, पण विमान ऑस्लो नाहीतर ट्रोम्सोवरून. म्हणजे शेंगेनमध्ये शिरायचं, बाहेर पडायचं, परतीला पुन्हा शिरायचं. व्हिसा दोन प्रवेशांचा घ्या, नाहीतर येताना वांधे.

गंमत म्हणून सांगतो, १९२०च्या स्वालबार्ड करारात भारत आहे, ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून. सार्वभौमत्व नॉर्वेचं, पण करारातल्या देशांच्या लोकांना तिथे राहायची, धंदा करायची मुभा. म्हणजे बाबांना आवडलं तर ते थेट राहू शकतात.

कोलंबी_फ्राय | १३ जानेवारी, ११:३०

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात बसून सांगितलंच होतं की आपण मूळचे तिकडचे. बाबांना म्हणावं, गावी चाललाय, व्हिसा कसला?

माई_दादर | १४ जानेवारी, सकाळी ७:०५

कोलंबी, मंडालेत लिहिला तो गीतेवरचा ग्रंथ. आर्क्टिकचा विचार त्याच्या आधीचा. १८९८च्या तुरुंगवासात मॅक्स म्युलरनं पाठवलेली ऋग्वेदाची प्रत त्यांच्या हाताशी होती, तिथून ते सुरू झालं आणि पुस्तक छापलं १९०३ साली. चेष्टा करा, पण तुरुंग बरोबर निवडून.

गोदीकर, जेवणाचं काय ते विचारलंत ना? मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी, आलेपाक. आलेपाक खिशात. बाकी देवावर.

सुकाणू | १४ जानेवारी, दुपारी २:२०

मी ट्रोम्सोला राहते. २०१९च्या ऑगस्टमध्ये अशाच एका बोटीनं गेले होते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आमची चूक आधी. शहाणपणा करून ट्रोम्सोहूनच शिडं उभारली. पाचशेहून जास्त सागरी मैल, मध्ये एकुलतं बेअर आयलंड, तेही धुक्यात. चार दिवस लागले. त्यातले दोन मी बादलीशी बोलत होते. तुम्ही विमानानं लाँगइयरब्येनला, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावी जा आणि तिथे बोटीवर चढा. एकदा फियोर्डांत (डोंगरांमध्ये आत घुसलेल्या खाड्यांत) शिरलं की पाणी पुष्कळदा पवईच्या तलावासारखं असतं.

दुसरं म्हणजे, शिडाची बोट म्हणून जाल आणि अर्ध्याहून जास्त वेळ इंजिनाची घरघर ऐकाल. फियोर्डातला वारा लहरी. हिमनदीवरून सुटला तर अचानक अंगावर येतो, नाहीतर नसतोच. बर्फाच्या तुकड्यांतून वाट काढताना शिडं गुंडाळलेलीच बरी. पण उघड्या समुद्रात वारा धरला, इंजिन बंद झालं आणि शिडं फुगली, की फुलमार पक्षी मागे लागतात. पंख न हलवता, बोटीच्या शेजारून, तासन्‌तास. बाकी काही पाहिलं नसतं तरी मला चाललं असतं.

रात्री (म्हणजे घड्याळातल्या रात्री, सूर्य डोक्याभोवती फिरतच असतो) नांगर टाकल्यावर पहारा लागतो. प्रत्येकी एक तास, प्रवाशांनाही. दोन गोष्टी बघायच्या: किनाऱ्यावरून अस्वल पोहत येतंय का, आणि बर्फ वाहत येतोय का. अस्वल नाही आलं. बर्फ आला. रिक्षाएवढा एक तुकडा पहाटे तीनला निवांत नांगराच्या साखळीकडे निघाला होता. बर्फाचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो हे शाळेत पाठ केलेलं, पण लांब काठीनं तो ढकलायला गेलात की कळतं. आपण ढकलतो आणि बोट मागे सरकते.

वॉलरसचं: पूलेपिंटेन नावाची एक रेताड जिभेसारखी जागा आहे, प्रिन्स कार्ल्स फोरलँड बेटावर. आधी वास येतो. ससून डॉकला मे महिन्यात दुपारी गेला असाल तर त्याचा थोरला भाऊ. मग ढेकरा आणि घोरणं. तीसेक जण एकमेकांवर रेलून पडलेले, एकाचा सुळा दुसऱ्याच्या पाठीत, आणि मधूनच कुणीतरी उठून सगळ्यांशी भांडायचं.

आगरी_पोर | १४ जानेवारी, ३:०१

हे तर आमच्या हळदीच्या दुसऱ्या दिवशीचं वर्णन झालं.

भोचक_भवानी | १४ जानेवारी, ३:०४

आगरी_पोर 😂 सुळे कुणाचे?

पक्षीवेडा | १४ जानेवारी, रात्री ९:१८

सगळे खूश आहेत, तर मी जरा मिठाचा खडा टाकतो. जाऊच नये असं माझं मत आहे.

या बेटांवर माणूस गेला की काय होतं याचा इतिहास लिहून ठेवलेला आहे. १५९६ साली डच दर्यावर्दी बॅरेंट्सनं बेटं पाहिली. काही वर्षांत देवमाशांची शिकार सुरू झाली आणि डचांनी स्मिरेनबुर्ग वसवलं, ज्याचा अर्थच चरबीचं गाव. किनाऱ्यावर भट्ट्या लावून चरबी वितळवायची आणि पिंपं भरून न्यायची. बोहेड जातीचा देवमासा तिथून जवळजवळ संपला. मग वॉलरस. सुळे, कातडं, तेल. १९५२ला संरक्षण मिळालं तेव्हा मोजके उरले होते. आज ते परतताहेत, कारण आपण त्यांना एकटं सोडलं. आता तीच गर्दी कॅमेरे घेऊन निघाली आहे. लाँगइयरब्येनला २५ जुलै २०२० रोजी २१.७ अंश तापमान नोंदलं गेलं. विमानानं तिथे जाऊन आपण 'अरेरे' म्हणायचं, याला काय अर्थ?

सुकाणू | १४ जानेवारी, ९:५०

पक्षीवेडा, विमानाच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी तिथेच राहते हे उत्तर नव्हे. पण एकटं सोडणं आणि पाहायला जाणं यांत काहीच जागा नाही हे मान्य नाही. आमच्या स्किपरनं पूलेपिंटेनला इंजिन लांबच बंद केलं, सगळ्यांना खाली बसवलं आणि चाळीस मिनिटं कुणी बोललं नाही. वॉलरसच दोन पोहत आले आणि आमच्याकडे बघून गेले.

थंडोबा | १५ जानेवारी, सकाळी ८:४४

या महिन्यापासून, १ जानेवारी २०२५पासून, नियम कडक झालेत. पांढऱ्या अस्वलापासून ३०० मीटर लांब, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. तुम्ही चुकून जवळ पोचलात तर मागे फिरायचं. संरक्षित भागात २००पेक्षा जास्त प्रवाशांची जहाजं चालणार नाहीत आणि उतरायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. मोफेन नावाचं बेट आहे ८० अंशांवर, तिथे वॉलरस पडून असतात. १५ मे ते १५ सप्टेंबर त्याच्या ३०० मीटरच्या आत जायचंच नाही.

तेव्हा गोदीकर, जी बोट 'अस्वल जवळून दाखवू' म्हणेल तिच्यावर काट मारा. आणि दुर्बीण चांगली घ्या, कॅमेऱ्यापेक्षा तिच्यावर खर्च करा.

नकाशांबद्दलही विचारा. हिमनदी मागे सरकली की जिथे काल बर्फ होता तिथे आज पाणी असतं, आणि त्याची खोली कुणी मोजलेलीच नसते. ब्लोमस्ट्रँड नावाची जागा घ्या. द्वीपकल्प म्हणून नाव पडलं, १९९०च्या दशकात बर्फ हटला तेव्हा कळलं की ते बेट आहे. त्याच बेटावर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका इंग्रजानं संगमरवराची खाण काढली होती. दगड बोटीवर चढवून नेला आणि गोठणं-वितळणं झाल्यावर त्याचा भुगा झाला. आजही यंत्रं तशीच गंजत पडली आहेत.

कोलंबी_फ्राय | १५ जानेवारी, ९:२०

आमच्या सोसायटीच्या लादीचं काम त्याच इंग्रजाला दिलं होतं वाटतं.

सह्याद्रीचा_गडी | १५ जानेवारी, दुपारी १२:१०

वयाची काळजी करत असाल तर बिल टिलमन आठवा. १९३६ला नंदादेवी चढलेला माणूस. त्यानंतर १९५०पर्यंत त्याहून उंच शिखर कुणी चढलं नव्हतं. डोंगर झेपेनासे झाले तेव्हा गडी जुन्या लाकडी पायलट बोटी घेऊन उत्तरेला आणि दक्षिणेला निघाला. 'मिसचीफ' ही बोट यान मायेन बेटाजवळ १९६८ला गमावली, 'सी ब्रीझ' १९७२ला ग्रीनलंडजवळ. थांबला नाही. १९७४ला 'बरोक' घेऊन स्पिट्सबर्गनला, म्हणजे स्वालबार्डच्या सगळ्यात मोठ्या बेटाला, वळसा घातला तेव्हा वय ७६. बाबा त्याच्या मानानं पोर आहेत.

माई_दादर | १५ जानेवारी, १२:३२

आणि १९७७ला दक्षिण अटलांटिकमध्ये बोटीसकट बेपत्ता झाला तोच ना हा? उदाहरण जरा बघून द्यावं.

सह्याद्रीचा_गडी | १५ जानेवारी, १२:३५

माई, ते मी मुद्दाम गाळलं होतं 🙏

आगरी_पोर | १५ जानेवारी, सायंकाळी ७:४०

आमचा धंदा मासेमारीचा, म्हणून एक सांगतो. बर्फ मी फक्त मासळीवर टाकतात तोच पाहिलाय. पण बोट कुठलीही असो, चढायच्या आधी तांडेल बघायचा. जो विचारल्यावर 'वारा फिरला तर फिरायचं' म्हणेल त्याच्याबरोबर जायचं. जो तारीख-वार-जागा लिहून देईल त्याच्याबरोबर नाही. गोदीकर, तुमच्या बोटवाल्याला विचार ना, बर्फ आडवा आला तर काय करणार?

आणि आपल्याकडेही शिडं आहेत बरं. कॅप्टन दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'वरून २००९-१०ला एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. सतरा मीटरची. तुमची सोळा मीटरची काय कमी नाही, फक्त माणसं दहा जास्त.

उत्तरायण | १५ जानेवारी, रात्री ११:५५

लाँगइयरब्येनच्या विद्यापीठ केंद्रात एक सत्र काढलंय. तिथे शिकवायच्या आधी बंदूक चालवायला शिकवतात. म्हणजे आधी अस्वल टाळायचं, मग आवाजाच्या आणि उजेडाच्या गोळ्यांनी पळवायचं, आणि बंदूक अगदी शेवटी. गंमत नाही. २०२०च्या ऑगस्टमध्ये गावाजवळच्या तंबूतळावर एक माणूस अस्वलानं मारला. बोटीवरून उतरताना वाटाड्या आधी एकटा जाऊन टेकडीपलीकडे बघून येतो, तोवर कुणी पाय ठेवत नाही. बाबांना लघवीसाठी खडकामागे जायची सवय असेल तर आत्ताच मोडा.

लोकमान्यांचं निघालंच आहे म्हणून. ऋग्वेदातल्या उषा इतक्या लांबतात की ती पहाट ध्रुवाजवळचीच असणार, असा त्यांचा एक मुख्य दाखला. आर्य कुठून आले यात मी पडत नाही, आजचे अभ्यासक तो सिद्धान्त मानत नाहीत. पण फेब्रुवारीत मी तिथे ती पहाट पाहिली आहे. सूर्य नसतो, पण रोज दुपारी आकाश थोडं जास्त वेळ निळं-गुलाबी राहतं, आठवडेच्या आठवडे. डोंगर आडवे असल्यामुळे गावात सूर्य पोचतो ८ मार्चच्या सुमाराला. जुन्या इस्पितळाच्या उरलेल्या पायऱ्यांवर सगळं गाव जमतं आणि पोरं त्याला हाका मारतात. तिथे उभं राहून मला पुण्यातला एक माणूस आठवला, ज्यानं हे न बघता नुसतं वाचून ओळखलं होतं.

वाचनमात्र | १६ जानेवारी, सकाळी ६:३०

वाचनखूण साठवली. उत्तरायण, यावर वेगळा धागा काढाच.

कोलंबी_फ्राय | १६ जानेवारी, ९:११

तिथे तो बियांचा तळघरातला साठाही आहे ना? बाबांना तो दाखवा.

उत्तरायण | १६ जानेवारी, ९:४०

आत सोडत नाहीत, दारच बघायचं. पण हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेनं पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर त्या डोंगराच्या पोटात आहे. भाकरीची सोय झाली म्हणायची. न्यू-ओलेसुंदला बोट थांबली तर आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र बाहेरून बघा, २००८पासून आहे. फोनचं वायफाय, ब्लूटूथ आधीच बंद करायला लावतात, तिथल्या रेडिओ दुर्बिणीला त्रास होतो म्हणून.

पक्षीवेडा | १६ जानेवारी, रात्री १०:०२

जाणारच असाल, तर एक पक्षी सांगतो. पाहून या.

हिनलोपेन सामुद्रधुनीत आल्केफ्येलेट नावाचा कडा आहे. सरळसोट, काळ्या दगडाचा. त्यावर ब्रूनिखच्या गिलेमॉटच्या सुमारे ६०,००० जोड्या. घरटं नाही, उघड्या फळीएवढ्या जागेवर एकच अंडं. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं, उडता येत नाही, अशा वेळी ते कड्यावरून उडी मारतं. पडतच असतं म्हणा ना. बाप त्याच्या अंगाला अंग लावून बरोबर उडतो. खाली पाण्यात पडलं तर वाचलं, दगडांवर पडलं तर खाली कोल्हे वाटच बघत असतात. पाण्यात पोचलं की बाप आणि पिल्लू पोहत दक्षिणेला निघतात. आई नाही जात, बाप जातो. पुढचे कित्येक आठवडे तोच त्याला भरवतो.

जुलै संपता संपता हे सुरू होतं. मोठ्या जहाजाच्या सातव्या मजल्यावरून तो कडा दिसेल. पिल्लाचा आवाज ऐकू यायला पाण्याच्या पातळीवरच असावं लागतं. मी जायला नको म्हणतोय, हे अजून कायम आहे.

भोचक_भवानी | १६ जानेवारी, १०:१५

पक्षीवेडा, तुम्हाला ना म्हणता येत नाही आणि हो म्हणवत नाही. आमच्या आत्याबाई अशाच स्थळं सुचवायच्या.

गोदीकर | १९ जानेवारी, दुपारी ४:०५

सगळ्यांचे आभार. आगरी_पोरनं सुचवलेला प्रश्न बोटवाल्याला मेलवर विचारला. उत्तर एका ओळीचं आलं: बर्फ आडवा आला तर मागे फिरू, हिनलोपेनची हमी नाही, पैसे परत नाहीत. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "हा माणूस बरा दिसतो."

बुकिंग केलं. बायकोशी बोलणी चालू आहेत.

गोदीकर | ११ ऑगस्ट २०२५, रात्री ९:३०

धागा वर आणतोय. जाऊन आलो.

अस्वल एकच दिसलं, अर्धा किलोमीटरवर, दुर्बिणीतून पिवळसर ठिपका. स्किपरनं लगेच बोट वळवली. तेवढ्यात ते झोपलं. उतरलो त्या दोन किनाऱ्यांवर लाकडाचे ओंडके पडले होते, आख्ख्या बेटांवर झाड नसताना. सैबेरियातल्या नद्यांतून वाहत येतात म्हणे. बाबांनी एकाला हात लावून 'लार्च' म्हणून सांगितलं. गोदीत लाकूड उतरवलंय त्यांनी, वाटाड्या बघतच राहिला. आर्क्टिक सुरयांच्या वसाहतीजवळून जाताना डोक्यावर काठी धरून चाललो, तरी एकीनं टोपीवर चोच मारलीच.

बोट मला लागली. बाबांना नाही. आलेपाक मीच संपवला.

बर्फामुळे मोफेनच्या पुढे जाऊ का नाही हे दोन दिवस ठरत नव्हतं. शेवटी वाट मोकळी झाली आणि पहाटे अडीचला आल्केफ्येलेटखाली पोचलो. इंजिन बंद. पक्षीवेडा, तुम्ही आवाज म्हणालात तो कड्यावरच्या गोंगाटातून ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. येतो. बारीक, शिट्टीसारखा. तीन पिल्लं पडताना पाहिली. दोन पाण्यात, एक दगडावर. बाबा बराच वेळ पाण्यातल्या दोघांकडेच बघत होते, एक मोठा, एक छोटा, लाटेवर वर-खाली होत बोटीपासून लांब चाललेले. मी म्हटलं, चला आत, थंडी आहे. म्हणाले, "तू जा. माझा पहारा आहे." नव्हता. चारचा होता.

वॉलरस पूलेपिंटेनला भेटले. सुकाणूताई, वासाबद्दल तुम्ही सौम्य लिहिलं होतंत. परतीच्या विमानात अखेर विचारलं, वॉलरसच का? बाबा म्हणाले, सत्तर साली शाळेत चित्राच्या तक्त्यावर होता. मास्तरांनी विचारलं, हा कोण, तर बाबांनी 'मास्तर' असं उत्तर दिलं. दोन छड्या बसल्या. तेव्हापासून बघायचं होतं की खरंच तसा दिसतो का.

भोचक_भवानी | ११ ऑगस्ट, ९:४१

आणि?

गोदीकर | ११ ऑगस्ट, ९:५०

"मिशा सेम," म्हणाले.

पक्षीवेडा | ११ ऑगस्ट, १०:२५

पाण्यातल्या दोघांचा फोटो आहे का?

गोदीकर | ११ ऑगस्ट, १०:३१

नाही हो. हात गारठले होते.

माई_दादर | १२ ऑगस्ट, सकाळी ७:००

मेतकूट पुरलं का?